लाल रंग दिलेली स्प्रिंग

बाबा, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि इतक्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. आज लिहिते आहे ती प्रेम दाटून आलं म्हणून नाही. गेले दोन महिने मला एका गोष्टीची किळस येते आहे आणि ती सांगायला माणूस सापडत नाही. तुम्ही उभा जन्म अकोल्याच्या डेपोत बसचा भार झेलणारे पोलादी पाटे आणि शॉकअप बदलण्यात घालवलात, म्हणजे यातलं निम्मं तरी तुम्हाला समजावून सांगावं लागणार नाही. तुमची आठवण येण्याचं कारण एवढंच.

मी गाडी घेतली. दोन दारांची, दोनच माणसं बसतील अशी, जमिनीला चिकटून चालणारी जुनी स्पोर्ट्स कार, नागपूरच्या एका माणसाकडून. अमरावतीत माझ्या दातांच्या दवाखान्यात वीस वर्षं लोकांच्या तोंडात वाकून बघते आहे. मान गेली, कंबर गेली. वाटलं, एक गोष्ट तरी अशी करावी जिच्यातून कुणाचं काही भलं व्हायला नको. नवरा म्हणाला, घे. गाडी देखणी होती, इंजिन गोड होतं, पण शॉकअप संपलेले होते. वळणावर ती कलंडायची आणि गतिरोधकावरून उतरली की बोटीसारखी डुलत राहायची. तुम्ही डेपोच्या जीपच्या कोपऱ्यावर दोन्ही हातांनी भार टाकून एकदम सोडायचात आणि म्हणायचात, "एक डाव खाली जाऊन वर याले पायजे अन् थांबाले पायजे. डुलत राहिली म्हंजे शॉकअप मेला." मी माझ्या गाडीवर तेच करून बघितलं. तीन वेळा डुलली.

अमरावतीत गाड्या सजवून देणारं एक दुकान आहे. काचेची केबिन, आत अत्तराचा फवारा आणि त्याखाली गुटख्याचा वास. मालक चाळिशीच्या आतला. मी त्याच्या हिरड्या बघत होते, तो माझ्या खांद्यावरून मागे बसलेल्या नवऱ्याकडे बघत होता. मी सांगितलं की गाडी मला रस्त्यावर चालवायची आहे, शर्यतीत नाही. घर ते दवाखाना, आणि महिन्यातून एकदा अकोल्याला आईकडे. खाली करायची नाही, फक्त स्थिर करायची आहे. तो हसला. "मॅडम, खाली केल्याशिवाय लूक येत नाही. इम्पोर्टेड स्प्रिंगा टाकून देतो, दीड इंच खाली बसते. शॉकअप हेच चालून जातात." मग नवऱ्याला म्हणाला, "सर, तुम्हीच समजावा मॅडमला." नवरा म्हणाला, "मला यातलं ओ का ठो कळत नाही, गाडी तिची आहे." त्यावर तो असा हसला जणू नवऱ्यानं विनोद केला. शॉकअप मेलेले असताना नुसत्या आखूड आणि कडक स्प्रिंगा घालणं म्हणजे गाडी आणखी बेभरवशाची करणं, हे मला कळत होतं. तुमच्या घरात वाढलेल्या कुणालाही कळलं असतं. पण त्यानं मोबाईलवर तसल्याच एका गाडीचा फोटो दाखवला आणि ती सुंदर दिसत होती, खोटं कशाला बोलू. मी हो म्हटलं.

दोन दिवसांनी गाडी मिळाली. चाकांच्या वरची पोकळी नाहीशी झाली होती आणि आत लालभडक स्प्रिंगा दिसत होत्या. त्यानंतरचे तीन आठवडे म्हणजे नुसता छळ. प्रत्येक गतिरोधकावर गाडीचं पोट घासायचं, आणि तो आवाज असा की दातावर खरबरीत फाइल फिरवल्यासारखा अंगावर काटा यायचा. खड्ड्यात चाक गेलं की खालचं रबर फाडकन आपटायचं. दुकानदाराला फोन केला तर म्हणे, "नवीन आहे ना मॅडम, सेट व्हायला वेळ लागते." मी ऐकून घेतलं.

मग मी आईला आणायला अकोल्याला गेले. ती आता चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, हट्टानं एकटी राहते, दोन-चार दिवसांसाठी माझ्याकडे येते. गाडी बघून दारातच थबकली. "बाप्पा! हे गाडी हाये का पाळणा? आता मले उचलूनच ठेव याच्यात." आधी बसली, मग पाय आत ओढून घेतले, आणि पाच मिनिटांत तिला गाडी आवडली. लोक वळून बघत होते तेही आवडलं. मावशीला भेटायचं म्हणून तिनं दर्यापूरवरून जायला लावलं. मावशीकडे जेवणं झाली, आईनं त्यांच्या घरासमोर गाडीला टेकून फोटो काढून घेतला आणि आम्ही निघालो. दर्यापूर सोडून थोडं पुढे एक लहान पूल आहे. रस्ता चढतो आणि पुलापलीकडे एकदम खाली बसतो. मी साठच्या आसपास असेन. आई स्टीलच्या बाटलीनं पाणी पीत होती. उतारावर चाकं क्षणभर लोंबली, परत टेकली, आणि मागून डावीकडून लोखंडावर घण बसावा तसा आवाज आला. गाडीचा मागचा भाग बाजूला सरकला. मी स्टिअरिंग धरून ठेवलं, ब्रेक मारला नाही. गाडी कडेच्या काळ्या मातीत, सोयाबीनच्या शेताच्या धुऱ्याला लागून थांबली. समोरून ट्रक येत नव्हता. एवढंच, नाहीतर हे पत्र लिहायला मी नसते.

 आईनं तोंडावर हात धरला होता. हात काढला तेव्हा ओठ फाटलेला, हनुवटीवर रक्त, आणि तळहातावर पुढच्या दाताचा अर्धा तुकडा. बाटली दातावर आपटली होती. तिनं त्या तुकड्याकडे बघितलं आणि मला विचारलं, "हा माहा हाये का वं?" मी हो म्हटलं. तिनं तो पदराच्या टोकात बांधला.

नवऱ्याला फोन केला, तो अमरावतीहून येऊन आईला घेऊन गेला. गाडी मी त्या दुकानात नेऊ शकत नव्हते. अकोल्यात स्प्रिंगांचं, पाट्यांचं काम करणारे एक म्हातारे मुसलमान मिस्त्री आहेत, ओळखीतल्या एकानं त्यांचं नाव सुचवलं. दुसऱ्या गाडीला बांधून, टोचन करून ती तिथं नेली. त्यांनी चाक काढलं, आत हात घातला आणि स्प्रिंग नुसत्या हातानं, काही न खोलता, बाहेर ओढून काढली. ती जागेवर नव्हतीच. चाक लोंबल्यावर सैल पडून बाजूला सरकली होती. मिस्त्रींनी लाल रंग नखानं खरवडला. खाली जुना काळा रंग निघाला, त्यावर कंपनीचा पुसट आकडा. "बाई, ही बाजारची नाई. तुमच्या गाडीचीच हाये. ग्रायंडरनं कापली अन् वरून रंग मारून देला. ये देखो, कैसा काटा है." मग म्हणाले, "कोनी केलं हे? त्याच्या घरचे बसतात का याच्यात?"

मी ती स्प्रिंग पिशवीत घालून दुकानात गेले. मालकानं पिशवीत डोकावलंसुद्धा नाही. "मॅडम, सगळीकडे असंच करतात. अमरावतीत कोणालेही विचारा. तुम्ही खड्ड्यात जोरात घातली असेल." मी म्हटलं, माझ्या आईचा दात तुटला. तो म्हणाला, "सरांना पाठवा ना, मी बोलून घेतो त्यांच्याशी." त्या वेळी त्याच्या ओठाच्या कोपऱ्यातून लाल लाळ खाली येत होती आणि त्यानं ती अंगठ्यानं पुसली.  बाहेर येऊन रस्त्याच्या कडेला मी ओकले.

तो अंगठा बघून तुम्ही आठवलात. मी बारावीला होते, तुमचा डबा द्यायला डेपोत आले होते. बाळापूरची गाडी तपासणीच्या खड्ड्यावर उभी होती आणि तुम्ही खाली होतात. वाकून बघितलं तर मुख्य पाट्याला आडवी चीर गेलेली मलासुद्धा दिसली. तुम्ही ग्रीस आणि चिखल एकत्र करून ती चीर अंगठ्यानं बुजवत होतात, आम्ही घरी कुंडीची फट बुजवतो तशी. मग वर येऊन तुम्ही कागदावर सही केलीत. मी विचारलं, "बाबा, हे कावून जाऊ देता?" तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "सामान आलं नाई. गाडी नाई सोडली तं साहेब मेमो देते. तुले काय समजते त्याच्यातलं? घरी जाय." मी घरी गेले नाही. फाटकाजवळच्या बाकड्यावर बसून राहिले. साडेपाचला गाडी परत आली, टोपल्या, पोरंबाळं घेऊन सगळी माणसं धडधाकट उतरली. रॉकेलनं हात धुऊन तुम्ही बाहेर आलात, मला बघितलंत आणि पुढे चालायला लागलात. त्या रात्रीपासून तुम्ही भाकरी मोडायचात तेव्हा मी दुसरीकडे बघायचे. मला दातांच्या कॉलेजात प्रवेश मिळाला तेव्हा तुम्ही दांडीला बसवलेला तुमचा तपासणीचा आरसा दिलात, "तुमचे याहून लहान असतात म्हने" असं म्हणून. मी तो कपाटाच्या तळाशी टाकला. काही झालं नाही ना, असं तुम्ही कधी म्हणाला असतात तर मी भांडले असते. तुम्ही तेही म्हणाला नाहीत.

गाडीचं पुढं सांगते. या वेळी कुणाचा फोटो बघितला नाही. महिनाभर वाचलं, चार ठिकाणी विचारलं. उंची हवी तशी कमी-जास्त करता येणारे महागडे संच होते, मोह झाला, पण ते आपल्या रस्त्यांवर घालणं म्हणजे पुन्हा तोच दिखावा. शेवटी मूळ उंचीपेक्षा फक्त बोटाच्या जाडीइतक्या कमी, जराशा कडक स्प्रिंगा आणि त्यांच्याच जोडीचे नवे शॉकअप मागवले. मिस्त्रींकडे दवाखाना बंद ठेवून दोन दिवस मी स्वतः हाताखाली उभी राहिले. स्प्रिंग दाबणाऱ्या पान्याचे आटे मी आवळले. खालचे बोल्ट मी लगेच कसायला गेले तर त्यांनी हात धरला. "हवेत नका कसू. रबर पिळून राहते. गाडी आपल्या पायावर उभी राहिली की मंग." गाडी खाली उतरवली, मग वाकून, अंगावर तेल सांडत, बोल्टांना शेवटचे पिळे दिले. नंतर चाकांची अलाइनमेंट केली. आता मी कोपऱ्यावर भार टाकून सोडते, ती एकदा जाते, वर येते, थांबते. दर्यापूरच्या त्याच पुलावरून मी एकटी गेले. गाडी नुसता श्वास घेऊन पुढे गेली.

आनंद व्हायला हवा होता. होत नाही, आणि का होत नाही हे मला ठाऊक आहे. दुकानातून गाडी ताब्यात घेतली त्या दिवशी मी मोबाईलचा दिवा लावून चाकामागे वाकले होते, जुन्या मैत्रिणींना लाल स्प्रिंगांचा फोटो पाठवायचा म्हणून. वरच्या टोकाला कापलेली कड दिसली. सरळ, धारदार, आणि तिच्याभोवती निळसर कडं, रंग तिथं पोचलाच नव्हता. जास्त तापलेलं पोलाद निळं पडतं, हे मी रोज माझ्या हत्यारांवर बघते. स्प्रिंग कापलेली आहे, हे एका क्षणात मला समजलं होतं. मी सरळ उभी राहिले. मालक म्हणाला, "मस्त दिसते ना?" आणि मी म्हटलं, "मस्त." दुकानातल्या चार पुरुषांसमोर वाद घालणारी बाई व्हायचं नव्हतं, आणि गाडी खरंच फार छान दिसत होती. मग तीन आठवड्यांनी मी तिच्यात आईला बसवलं. तुमच्यावर निदान साहेब होता, मेमो होता. माझ्यावर कुणाचाच दाब नव्हता.

आईचा दात मी माझ्याच खुर्चीत बसवून दिला. चांगला बसला आहे, रंगही जुळला. पाणी थुंकून झाल्यावर ती म्हणाली, "त्या पुलानं घात केला वं, तू तं हळूच चालवून राहिली होती." माझ्या तोंडावर मास्क होता. मी म्हटलं, "हो, आई." हे कागद खरं तर तिला द्यायचे आहेत. तुम्हाला लिहिणं सोपं पडलं, कारण तुम्ही काही विचारणार नाही.