बाबांचं गाणं, आमच्या गिटारी

माण, शनिवार, १४ नोव्हेंबर २००९

आज बाबा साताऱ्याहून आले आणि पहिल्यांदाच आमच्या बँडचा सराव ऐकायला बसले. घरमालकांच्या रिकाम्या गोठ्यात, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, कानांवर मफलर घट्ट गुंडाळून. सोडा ना, म्हटलं, तर म्हणे थंडी आहे. भर दुपारी कसली थंडी? नोकरी सांभाळून हे कशाला, असं फोनवर त्यांचं नेहमीचंच.

त्यांच्या कॉलेजच्या काळातलं ते इंग्रजी प्रेमगीत घेतलं. दाढी करताना ते हेच गुणगुणायचे. आम्ही त्याला जड गिटारी लावल्यात, कीबोर्डवर व्हायोलिनांचा ताफा आणि त्यावर माझा चढा आवाज. गाताना सारखा तो मफलरच दिसत होता. त्यांचं आवडतं गाणं मी त्यांच्यासमोर मोडतेय का?

शेवटच्या कडव्याला वीज गेली. गिटारी, कीबोर्ड एकदम गप्प. माझी ओळ सुरू झाली होती, तशीच गात राहिले. आणि खालच्या पट्टीत बाबा! मफलर मांडीवर, डोळे मिटलेले. आम्ही दोघांनी ते कडवं पुरं केलं. माझा आवाज थरथरला, त्यांचा नाही.

दारातून घरमालकीणकाकू म्हणाल्या, "आत्ता कसं ग्वाड वाटलं. मगाशी निस्ता दणदणाट हुता."

"नाही हो," बाबा म्हणाले, "तो दणदणाट पण हवा. वीज आली की पहिल्यापासून घ्या."

बसची वेळ झाल्याची मीच आठवण करून दिली.

"पुढची मिळेल," म्हणाले.