कावेरीची खुर्ची

८ सप्टेंबर, सोमवार

डोकं फिरलंय! शिवानीला कोरमंगलातल्या आपल्या नव्या कॅफेसाठी जुनाट दिसणारं फर्निचर हवंय. म्हणजे चांगल्या सागवानावर पांढरा रंग फासायचा आणि मग तोच जागोजाग खरवडायचा! "शॅबी शिक म्हणतात त्याला, अण्णा." कसलं डोंबलाचं शिक! चाळीस वर्षं मी पॉलिशवाला. लोकांच्या टेबलांवरचे ओरखडे भरण्यात जन्म गेला, आणि माझ्याच पोटची पोर मला ओरखडे पाडायला सांगते. साफ नाही म्हणालो.

११ सप्टेंबर

काम कृष्णमूर्तीला दिलं म्हणे. तो भिंती रंगवणारा! लाकडातलं त्याला काय कळतंय?

१४ सप्टेंबर, रविवार

नुसतं बघायला म्हणून कॅफेत गेलो. शी! टेबल बरोब्बर मधोमध खरवडलेलं, आणि ड्रॉवरच्या मुठी कोऱ्या करकरीत. वर कृष्णमूर्ती मलाच विचारतो, "गुंडो अण्णा, सरी का, बरोबर झालं का? की अजून स्वल्प घासू?" अरे, रोज उघडलेल्या ड्रॉवरचा रंग मुठीखाली उडतो. खुर्चीचा उडतो तो पुढच्या दांडीवर, पाय टेकतात तिथं. माणसाचा हात कुठं लागतो ते मला विचार! चाळीस वर्षं तेच तर पुसत आलोय.

शेवटी पॉलिशपेपर हिसकावून घेतला आणि सहाच्या सहा खुर्च्या मीच घासल्या. शिवानी गालात हसत होती. हसू दे. खोटं करायचं तर निदान नीट करावं.

१९ सप्टेंबर

आज कहर झाला. "आईची खुर्ची पण कॅफेत ठेवू या," म्हणे. कावेरीची खुर्ची! तिला जाऊन तीन वर्षं झाली, ती खुर्ची उंबऱ्याबाहेर गेलेली नाही. दर आयुधपूजेला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, मी तिला नवं पॉलिश करतो, मग हार घालतो. कावेरी गेली त्या वर्षी तर रडत रडत चार थर जास्त चढवले. तोंड दिसतं तिच्यात! "तिला ओरबाडायचं असेल तर आधी मला ओरबाड," म्हणालो.

तर काय बोलावं पोरीनं? "रंग कुणाला लावायचाय, अण्णा? मला ती होती तशी हवी होती. आई तिच्यात बसून अवरेकाळूच्या शेंगा सोलायची, तिच्या बांगड्यांचे ओरखडे होते खुर्चीच्या उजव्या हातावर. तुम्ही दर वर्षी ते भरून टाकलेत. आता आईचं काय राहिलंय त्यात?"

मलाच बोल! ज्या माणसानं जिवापाड जपलं, त्यालाच! जेवलो नाही.

२० सप्टेंबर

अबोला. तिनं ठेवलेला चहा घेतला नाही. ती गेल्यावर घेतला, गार.

१ ऑक्टोबर, आयुधपूजा

यंदा पॉलिश केलं नाही. पॉलिशपेपर घेऊन खुर्चीपुढं बसलो. बांगड्या नेमक्या कुठं घासायच्या? आठवेना! अख्ख्या बेंगळुरूचे हात मला पाठ, आणि माझ्या कावेरीचा—

शिवानी शेजारी येऊन बसली. माझं बोट धरून खुर्चीच्या हातावर एका जागी ठेवलं.