घरात माणसं किती

प्रिय महानगरवासी सम्राट,

तू पाठवलेली यादी मिळाली. देशातली सगळ्यात मोठी महानगरं: दिल्ली, मुंबई, कोलकाता, आणि तुझ्या बेंगळुरूखाली तांबडी रेघ. वर विचारतोस, ‘आम्ही कोटीत, आणि तुमचं कोल्हापूर?’ तुमचं! लेका, शिवाजी पेठेत नाक पुसायला शिकलास आणि आता तुमचं?

नववीत गणितानं मला सोडलं ते सोडलंच. पण ही चारी शहरं मी हिंडलोय. दिल्लीत आठ महिने टेम्पो चालवला. कोलकात्यात कोल्हापुरी चप्पल म्हणून भलताच माल विकला, त्यात एका बाईनं त्याच चपलेनं… जाऊ दे, ते पुन्हा कधीतरी. सांगायचं काय, तर कोटीचं कौतुक आम्हाला नको. वारुळात मुंग्याही कोटीनं असतात, त्या काय यादी काढून गावाकडं पाठवत न्हाईत.

तुझ्याकडं आलतो तेव्हा मजला विसरलो म्हणून नेमकं तुझ्या समोरचंच दार वाजवलं. तू तीन वर्षं तिथं ऱ्हातोस आणि तो माणूस म्हणतो, ‘कौन सम्राट?’ इथं एखाद्या पावण्यानं तुझं नाव काढावं, फुटबॉलच्या फायनलला तू पायातनं गोल कसा सोडलास ते सांगत सांगत लोक त्याला दारापर्यंत आणून सोडतात. बदनाम का होईना, माणूस म्हणून ओळख हाय की.

मी महिन्याभरापूर्वी कोल्हापूरला परत आलो. गेल्या मंगळवारी तानामावशीला, म्हणजे तुझ्या आईला, औषधं द्यायला गेलतो. तेवढ्यात जनगणनेच्या मॅडम आल्या. ‘घरात माणसं किती?’ मावशी ठसक्यात म्हणाली, ‘दोघं. मी आणि ह्यो माझा सम्राट.’ आणि बोट माझ्याकडं. मला वाटलं, चेष्टा करतीया. मी हसलो. मॅडमनी दोन लिहिले आणि गेल्या.

मग मावशीनं जेवायला वाढलं, तुझ्या त्या कडा दबलेल्या ताटात. म्हणाली, ‘सम्या, त्या अझहरला पण हाक मार, उपाशी हिंडत असंल.’

भावा, अझहर तिच्या पुढ्यात बसून जेवत होता.

दुसऱ्या दिवशी तसंच. काल पण. मी दुरुस्त करत न्हाय. खरं सांगू? मला बरं वाटतं, आणि त्याचीच लाज वाटते. डॉक्टरांकडं नेलं. ते म्हणाले, विसरणं वाढत जाणार, घरच्यांना बोलवा. फोनवर तुला हे सांगणार होतो, पण तू ‘मीटिंगमध्ये आहे’ म्हणून दोनदा कट केलास, म्हणून हे पत्र. मॅडम फेब्रुवारीत पुन्हा येणार हाईत, माणसं नावानिशी मोजायला. त्याच्या आत ये, तोवर तरी तिला तुझा चेहरा थोडाफार आठवंल. दीड कोटीतनं एक कमी झाला तर तुझ्या बेंगळुरूला पत्ताही लागणार न्हाय. इथं दोनातला एक खोटा हाय.

तुझाच,
तुझ्या ताटात तुझ्या नावानं जेवणारा,
अझहर