आमच्या घरचा एक खिळा

तीर्थस्वरूप मामांस,

भाच्याचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे सध्या निम्माच घालतो आहे. उरलेला प्रत्यक्ष भेटीत.) तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला गेला का? त्यांना वाचायचा चष्मा करून दिला होता, तो त्या लावतात की अजून डबीतच जपून ठेवलाय? इकडे आम्ही दोघं बरे आहोत. म्हणजे ही बरी आहे, मी जळतो आहे. ताप वगैरे नाही, नुसताच जळतो आहे, आणि कोणावर ते सांगायलाच हे पत्र. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तुम्ही मध्येच हसता आणि माझा मुद्दा राहून जातो.

मुद्दा खिळ्याचा आहे. वाचनालयाच्या बोळात आपल्या फोटो मंडळाचं वार्षिक प्रदर्शन लागतं, भिंत लहान, म्हणून एका घराचा एकच खिळा, म्हणजे एकच फोटो, हा नियम तुम्हीच घातलात. आजवर आमच्या घरचा खिळा बिनविरोध माझा होता. तो कुठे असायचा हा विषय मी काढणार नाही. (मागच्या वर्षी पाणी थंड करायच्या यंत्राच्या मागे होता. माझा फोटो बघायला लोक वाकले, असं मी घरी येऊन सांगितलं, पण ते पेला भरायला वाकत होते.) मी कधी तक्रार केली नाही. पहिला कॅमेरा मला तुम्ही दिलात, तुमच्या स्टुडिओच्या अंधाऱ्या खोलीत उभं राहायला तुम्ही शिकवलंत, आणि त्यानंतर माझ्या एकाही फोटोला तुम्ही चांगलं म्हणाला नाहीत. 'हं' म्हणालात. तुमच्या त्या 'हं'चे किती अर्थ होऊ शकतात यावर मी आयुष्य काढलं.

आणि अशात या वर्षी ही मंडळाच्या ग्रुपवर आली. तुम्हीच घेतलंत तिला, हौसेने. मी म्हटलं, येऊ दे बिचारीला, माझे फोटो बघेल, चार लोक मला काय म्हणतात ते तिलाही कळेल. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

मामा, माझी पद्धत तुम्हाला ठाऊक आहे. आमच्या इमारतीच्या जिन्यावर संध्याकाळी उन्हाचा एक पट्टा पडतो, तो चौथ्या पायरीवरून पाचवीवर चढतो त्या क्षणासाठी मी महिनाभर तिपाई लावून बसलो. तिसऱ्या मजल्यावरच्या वकीलबाई मला ओलांडून जाताना पाय लागल्याबद्दल नमस्कार करत, इतकं ते नित्याचं झालं होतं. फोटो काढला की मी तो लगेच बघत नाही, आठ दिवस तसाच ठेवतो. धुतलेल्या कपड्यांची ओले असताना घडी घालू नये, तसंच हे. मग कडा कापतो, रेषा सरळ करतो, कोपऱ्यात बारीक अक्षरांत नाव घालतो, आणि रविवारी सकाळी टाकतो, कारण तेव्हा लोक निवांत असतात. लोक इतके निवांत असतात की फोटोखाली तो आवडल्याचा लाल बदाम द्यायला बोटही उचलत नाहीत. माझ्या फोटोला सरासरी पाच बदाम. त्यातला एक मंडळाच्या झूमकाकांचा, आणि ते औषधाच्या जाहिरातीलाही देतात.

हिची पद्धत म्हणजे पद्धतच नाही. दवाखान्यातून (दातांच्या, तिथे ती आलेल्या लोकांना बसवून ठेवायचं काम करते) घरी येताना काहीतरी दिसलं की एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात फोन, टिक. तिथेच उभ्या उभ्या ग्रुपवर टाकते आणि विसरून जाते. पुन्हा बघतसुद्धा नाही. उलट्या ठेवलेल्या बादल्या काय, कुलपावर बसलेलं फुलपाखरू काय, आणि खाली बदामांचा ढीग. मी म्हटलं, अगं, जरा थांबावं, विचार करावा, कलेला वेळ द्यावा लागतो. तर म्हणाली, फुलपाखरू थांबलं नसतं. मी दोन दिवस नीट जेवलो नाही आणि तिच्या ते लक्षातही आलं नाही, हे आणखी वर.

दुकानात माझं लक्ष लागेना. समोर गिऱ्हाईक बसलेलं, मी भिंगं बदलत विचारतोय, आता स्पष्ट की आधी स्पष्ट, आणि डावा डोळा माझा खणातल्या फोनवर. एका आजोबांना खालची ओळ वाचता आली म्हणून मी 'वा' म्हटलं असं त्यांना वाटलं. ते 'वा' मला सहावा बदाम पडल्याचं होतं. बिचारे खूश होऊन गेले. (त्यांचा नंबर पुन्हा काढावा लागणार आहे.)

आता घडलं ते नीट ऐका, कारण सगळा घोटाळा इथे आहे. मला दोन संशय होते. एक, हिला बदाम देणारी ही माणसं आहेत तरी कोण. दोन, हिच्या फोनचा पडदाच जास्त चकचकीत असेल आणि माझेही फोटो त्यावर असेच दिसत असतील. म्हणून ही अंघोळीला गेल्यावर मी माझ्या फोनवर तिचं खातं उघडलं आणि तिच्या फोनवर माझं. (सांकेतिक शब्द आम्हा दोघांचा एकच आहे. लग्नाच्या पहिल्या वर्षीची गोष्ट, तेव्हा गोड वाटलं होतं.) बदाम देणारी माणसं तीच निघाली, जी मला देत नाहीत. माझे फोटो तिच्या पडद्यावरही माझेच दिसले. एवढ्यात न्हाणीघराची कडी वाजली, मी दोन्ही फोन जागच्या जागी ठेवले, आणि खाती परत अदलाबदल करायची राहिली.

शनिवारी संध्याकाळी ही नेहमीप्रमाणे दुकानात आली, बरोबर घरी जायचं म्हणून. तेव्हा एक म्हातारं जोडपं चष्मे न्यायला आलं होतं. मी पावती लिहीत होतो. दोघांनी चष्मे लावले. मी आरसा पुढे केला, तर आरशात कोणी बघेना. दोघं एकमेकांकडे बघत बसले. आजीबाई आजोबांच्या कपाळावरचा कसलासा डाग बोटाने पुसायला गेली, तो पुसला जाईना, कारण तो डाग नव्हता, तीळ होता, आणि बहुधा कित्येक वर्षांनी दिसला होता. आजोबा हसले. टिक. हिने फोटो काढला. मी खाली मान घालून काड्यांचा रंग लिहीत होतो, आणि माझा कॅमेरा, मामा, तुमच्या जुन्या पिशवीत, माझ्या पायाशी होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण मी आजवर दुसऱ्यांनाच ऐकवत आलो.

हिने त्यांना विचारून तो तिथूनच ग्रुपवर टाकला. अर्थात माझ्या खात्यावरून, माझ्या नावाने. ना तिला कळलं, ना मला. रविवारी सकाळी मी आठ दिवस वाळवलेला जिना टाकला. तिच्या नावाने.

आणि बदाम पडायला लागले. मी चहा ठेवून खुर्चीत बसलो. लोकांना शेवटी प्रकाश कळायला लागला, असं वाटून माझे डोळे भरून आले. मग खालचं वाचलं. काय नजर आहे, ताई. ताई, त्या उन्हाच्या पट्ट्यात किती एकटेपण आहे. झूमकाका तर तीन ओळी लिहून मोकळे झाले, जिना हा आयुष्याचाच असतो वगैरे. मी आधी विचार करत होतो, ही ताई कोण आणि माझ्या फोटोखाली काय करते आहे. मग वर नाव बघितलं. मामा, हाच जिना याच्याआधीही मी एकदा टाकला होता, सकाळच्या उन्हातला. तेव्हा हेच झूमकाका म्हणाले होते, पायऱ्या झाडून घ्यायला हव्या होत्या. आपला तो बाब्या ऐकून होतो, पण इथे बाब्या नि कार्टं एकच. माणूस आपल्याच फोटोवर जळू शकतो हे मला त्या दिवशी कळलं.

तिकडे माझ्या नावावरच्या म्हाताऱ्या जोडप्याला चार बदाम. झूमकाका: हात हलला आहे, उजवा कोपरा रिकामा. म्हणजे माझं नाव असलं की कोपरा रिकामाच असायचा.

पण आपल्या ग्रुपवर कधीही न लिहिणारे तुम्ही त्या दिवशी दोनदा लिहिलंत. जिन्याखाली लिहिलंत, 'सूनबाई, नवऱ्याच्या नादाला लागू नका.' (मी घाबरून ते पुसायला गेलो आणि बोट चुकून त्यालाच बदाम दिला. हिच्या नावाने.) आणि जोडप्याखाली लिहिलंत, 'आता तुला दिसायला लागलं.' नंतर फोन करून म्हणालात, या वर्षी तुझा खिळा दारासमोर, पहिला, चांगली चौकट करून आण. मी 'हो मामा' म्हटलं. त्या वेळी दुसरं काही सुचलं नाही, आणि खरं सांगायचं तर सुचू दिलं नाही. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते वाक्य आलं, आणि ते हिच्या फोटोला आलं.

मग हिला सगळं सांगितलं. मला वाटलं रागवेल. ती हसत सुटली, इतकी की वकीलबाई काय झालं म्हणून विचारायला आल्या. मग म्हणाली, राहू दे ना तुझ्या नावाने, खिळा तर घरचाच आहे, मला कुठे मिरवायचंय. मामा, ती भांडली असती तर मी जिंकलो असतो. अशी उदार झाली की काय करायचं?

मी मनाशी बाजू मांडून बघितली. ज्यात माझी खुर्ची, ते दुकान माझंच. वरची नवी ट्यूब मी लावली, म्हणजे प्रकाश माझा. चष्मे मी बनवले, नंबर मी काढला, आणि नंबर बरोबर निघाला म्हणूनच आजीला तीळ दिसला. तिला फोनही मीच घेऊन दिला. एवढ्यावर तो फोटो तीन चतुर्थांश तरी माझा ठरतो. तेव्हा तो आमच्या घरच्या खिळ्यावर माझ्या नावाने लागायला, निदान नियमाने, काही हरकत दिसत नाही. तुम्हीच विचार करून सांगावं. मामींना नमस्कार. गुडघ्याला शेक देत जा, नुसतं मलम लावून भागत नाही.

आपला भाचा

ता. क. पत्र बंद करण्याआधी पुन्हा वाचलं. ते तीन चतुर्थांश वगैरे सोडून द्या. टिक तिने केलं. चौकट मी स्वतः करून घेतली आहे, त्यावर नाव तिचं घातलं आहे, मोठ्या अक्षरांत. दारासमोर लावा. तिला अजून सांगितलेलं नाही, ती उद्घाटनाला येईल तेव्हा तिचं तोंड बघायचं आहे. (कॅमेरा घेऊन येतो आहे. कोणी मध्ये येऊ नये एवढं बघा.)

ता. क. दुसरा. जिना माझा आहे हे मी आज ग्रुपवर जाहीर केलं. झूमकाका म्हणाले, तरीच, मला तेव्हाच तो वाकडा वाटला होता. एका घराचा एकच खिळा हे मान्य, पण पाण्याच्या यंत्रामागचा खिळा तसा भिंतीत मोजला जात नाही. तो रिकामा असेल तर.

ता. क. शेवटचा, आणि खरं तर एवढ्यासाठीच पत्र. फोटो तिचा, नाव तिचं, पहिला खिळा तिचा, सगळं कबूल. पण ग्रुपवर माझ्या नावाखाली तुम्ही लिहिलेलं ते वाक्य तेवढं पुसू नका. चुकून का होईना, मला म्हटलं गेलंय. तरी तुमचा भरवसा नाही म्हणून मी तिपाई लावून फोनच्या पडद्यावरच्या त्या वाक्याचा फोटो काढून ठेवला आहे. हिला दाखवला. बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, तुझ्या सगळ्या फोटोंमध्ये हा मला आवडला.