अल्फियाची उजवी बाजू

रवि. ९ फेब्रु., जेवणाच्या सुट्टीत
पाठीचं काही खरं नाही. सकाळपासून मुलंच मुलं. क्लिनिकमध्ये दुसऱ्या कुणाला ती नको असतात, मग सगळी माझ्या खुर्चीत.

आत्ता सूरहून एक कुटुंब आलं होतं. इम्तियाज मासळीचा ट्रक चालवतो. बायको रुबिना, मुलगी अल्फिया, पाच वर्षांची. मूळचे दापोलीकडचे. मराठी डॉक्टर आहे म्हणून ओमानच्या त्या टोकाहून एवढ्या लांब, इथे बरक्यापर्यंत आले. खालच्या दाढा दोन्हीकडे किडलेल्या. आई म्हणाली, "अठरा किलो असेल." काट्यावर उभी केली तर जेमतेम चौदा. एवढ्याशा अंगाला भूल किती चालणार? फक्त डावी बाजू केली. सुई घातल्यावर दट्ट्या मागे ओढून रक्त येत नाही बघितलं, मग थेंब थेंब सोडली. पोर रडली नाही. माझा अंगठा घट्ट धरून बसली.

इम्तियाज: "उजवी पण आजच करून टाका ना डॉक्टर. परत सुट्टी नाय मिळायची."
म्हटलं, "आज अजून भूल दिली तर तिला झेपणार नाही. पुढच्या आठवड्यात या." आणि बधिर ओठ चावू देऊ नका म्हणून रुबिनाला बजावलं.

तोंड पाडून बाहेर गेला. मॅनेजरचं दारातूनच, "मॅडम, पेशंट को ऐसे वापस मत भेजो."

डबा उघडला आहे पण भूक

सोम. १० फेब्रु.
काल वाक्य अर्धंच राहिलं. शायनी सिस्टर धावत आली, "मॅडम, रूम टू!"

मॅनेजरने अल्फियाला परस्पर रूम टूमधल्या डॉ. तारिककडे नेलं होतं. फाइल माझ्या टेबलावर. तारिकला त्याने सांगितलं, नवीन पेशंट, उजवी बाजू, जरा लवकर करा, लांब जायचंय. तारिकने तिच्याकडे नुसतं बघून भूल भरली. माझी अजून अंगात होतीच.

मी पोचले तेव्हा ती काहीतरी असंबद्ध बडबडत होती. मग ओठ थरथरले, मग हात. मग सगळं अंग. कुशीवर वळवलं, ऑक्सिजन लावला, शायनीला ॲम्ब्युलन्सला फोन करायला लावला. तारिकच्या हातात सिरिंज तशीच. रुबिना जमिनीवर बसली होती. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

झटके ॲम्ब्युलन्समध्ये थांबले.

मंगळ. ११ फेब्रु.
हॉस्पिटलमध्ये जाऊन आले. अल्फिया शुद्धीवर, दही खाते आहे. डॉक्टर म्हणतात इजा राहणार नाही, इन्शाल्ला.

मॅनेजर माझ्या आधी हजर, हातात फळांची पिशवी. इम्तियाजला हिंदीत समजावत होता, "बच्ची डर गई थी, इसलिए. होता है."
इम्तियाजने माझ्याकडे बघितलं. "घाबरून असं होतं काय हो डॉक्टर?"

मॅनेजरला मराठी येत नाही. तो तिथेच हसत उभा. मी मराठीत सांगितलं. घाबरून नाही. भूल जास्त झाली. दुसऱ्या डॉक्टरांना पहिलीबद्दल कुणी सांगितलं नाही.

रुबिना म्हणाली, "मला वाटलं तुम्ही दोघं एकमेकांत बोलला असाल. एकाच दवाखान्यातले ना."


बाहेर आल्यावर मॅनेजर: "क्या बोला आपने?"
"जो हुआ, वही."


गुरु. १३ फेब्रु.
तारिक पार्किंगमध्ये भेटला. दाढी वाढलेली. महिनाभर दोन्ही शिफ्ट करतोय, मलाही माहीत होतं. सुदानमध्ये, खार्तूमला आई-वडील, सगळं घर ह्याच्यावर. म्हणाला, मी विचारायला हवं होतं, वजन करायला हवं होतं. मॅनेजरचं नावही काढलं नाही. मला त्याचा राग येत नाहीये, यायला हवा. दमले आहे बहुतेक.

अ.चा सोहारहून, त्याच्या कामाच्या गावाहून फोन. तुझं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू व्हायचंय, थोडं गप्प रहा म्हणाला. "मुलगी बरी आहे ना? मग खलास." नवरा आहे की मॅनेजर! फोन ठेवला. मग वाईट वाटलं. तोही तिथे एकटाच जेवत असेल.

रवि. १६ फेब्रु.
आता वजन केल्याशिवाय खुर्चीत नाही आणि फाइल पेशंटबरोबरच. मी आणि शायनीने आपापसात ठरवलं. मॅनेजर बघतो, बोलत नाही. माझ्याशी काहीच बोलत नाही.

संध्याकाळी इम्तियाजचा फोन. "तक्रार करू काय? तुमची नोकरी जाणार असेल तर नाय करत. तुम्ही सांगाल तसं."

हे माझ्यावर कशाला टाकलं या माणसाने? तारिकचा चेहरा आला डोळ्यासमोर. अ.चा आवाज.  इम्तियाज हॅलो हॅलो करत राहिला.

"करा," म्हटलं. "कुणी विचारलं तर मी सांगेन."

बुध. १९ फेब्रु.
चौकशीला आरोग्य खात्याची माणसं येणार आहेत, कधी ते माहीत नाही. तारिकला घरी बसवलंय. मॅनेजर जागेवर आहे.

दुपारी इम्तियाज सूरहून परत आला, न सांगता. अल्फियाची उजवी दाढ रात्रभर ठणकली. म्हणाला, "दुसरीकडं नेऊ म्हटलं, पण कुणाकडं?" पोर गाडीतून उतरेना. रुबिनाने ओढून बघितलं, त्याने ओरडून बघितलं. मी खाली गेले. मागचं दार उघडून तिच्या शेजारी बसले. गाल सुजलेला, दोन्ही हात तोंडावर गच्च. एसी चालू होता तरी घामाने भिजलेली.

औषध लिहून दिलं, दुखणं दोन-तीन दिवस दबेल. दाढ करावी लागणारच, आणि भूल दिल्याशिवाय होणार नाही. हे तिला कसं सांगायचं?

"तोंड उघड" म्हटलं नाही. नुसती बसून राहिले. वर पेशंट खोळंबले होते, शायनीचे दोन फोन येऊन गेले. शेवटी हातांच्या आडूनच तिने विचारलं, "परत तसं होईल?"

नाही म्हणणार होते. "मी होऊ देणार नाही" म्हटलं.

तिने हात काढले नाहीत. पण थोडी सरकली, मला नीट बसता यावं म्हणून.