आधी गार, मग गरम

११ डिसेंबर २००३

गच्चीवर सोलर बसला! दौंडची माणसं पाइप ठोकून एकदाची गेली. पार्वतीबाई स्वयंपाकघरात हातवारे करून सांगत होत्या — "बंब फुकून फुकून माझे डोळे गेले व्हते. आता त्यो बंब भंगारात घाला, न्हाईतर माझ्या उरावर!"

न्हाणीघरात आता दोन नळ. लाल गरमाचा, निळा गाराचा. संध्याकाळी लाल नळाखाली हात धरला. पहिल्यांदा गारच आलं, पाइपात साचलेलं. आणि मग एकदम असा चटका की मी ओरडलेच.

मी हात काढला. आमच्या बायका काढतील?

१३ डिसेंबर

महेंद्र सरांनी ऑफिसात बोलावलं. संस्था त्यांच्या हातात आल्यापासून बरीच धडपड करतात, सोलरही त्यांनीच आणला. म्हणाले, "गृहमाता तुम्ही आहात. एकेकीला बघा. कोण स्वतःची अंघोळ स्वतः करू शकते, कोणाला माणूस लागतं. तोवर लाल नळ बंद."

मी म्हटलं, "म्हणजे अंघोळ करताना बघत बसायचं त्यांच्याकडे?"

सर गोरेमोरे झाले. ह्या बायकांना मतिमंद म्हणतात, पण लाज आहे की त्यांना! ठरलं — कपड्यांनिशी, नुसती बादली भरायची. मी दारात.

१६ डिसेंबर

सुरुवात केली. नकुशीने लाल नळ सोडला आणि वाफ बघून टाळ्या पिटल्या. एकीला निळाच नळ भाजतो असं वाटतं. बाकीच्या माझ्या तोंडाकडे बघत उभ्या.

धुरपदाचं मात्र वेगळं. ही शिरूरकडची, केंदूरची. माझ्याच वयाची असेल. आई गेल्यावर भावाने इथे आणून सोडली. हिने बादली सरळ लावली, लाल नळाने अर्धी भरली, नळ नीट बंद केला आणि बाजूला होऊन उभी राहिली.

"आता गं?"

"इसण टाका की बाई."

मला हसू आलं, मग गलबलून आलं. घरोघरी हेच. आधी कढत पाणी, मग वरून विसणाचं गार. आणि ते गार दुसऱ्या कुणीतरी घालायचं. आईने. मीही आईला हाक मारायचे, "विसण दे गं!" आई गेली, आता माझं मीच घालते, पण अजूनही गरम आधी.

बंबाला ते चालायचं. इथे कुणी विसणाआधीच बादलीत हात घातला तर कातडं सोलून निघेल. म्हणजे उलटं शिकवायचं — आधी गार, मग गरम.

२१ डिसेंबर, रविवार

भेटीचा दिवस. धुरपदाचा भाऊ साहेबराव आला, बायकोला घेऊन. एरवी दिवाळीला फराळ देऊन जातो, तेवढंच. माणूस वाईट नाही. म्हणाला, "बाई, आता घर बांधलं. बहीण बाहेर ठिवलीय म्हून भावकी नावं ठिवती. संक्रांतीला घरी न्यावं म्हंतो."

त्याची बायको जाईबाई स्पष्ट बोलली. मला ते आवडलं. "माझं ऐका, बाई. शेवंतीची तोड चालू झाली की मी पहाटंच रानात. मी फुलं तोडू का वन्सांस्नी न्हाऊ घालू? घरात गॅसवर पाणी तापतंय. त्यांची अंघोळ त्यांनी केली तर खुशाल आणा."

पार्वतीबाईंनी धुरपदाला कोपराने ढोसलं. "ऐकलंस का? पास झालीस की घरला! माहेरपण हाय तुझं!"

धुरपदा भावाने आणलेली बोरं खात होती. बिया एकेक करून मुठीत ठेवत होती.

तर माझ्या ह्या परीक्षेवर एका बाईचं घर ठरणार. जीव दडपला. आणि उमेदही आली!

२४ डिसेंबर

रोज दुपारी धुरपदा आणि मी. "आधी?" "गार." "मग?" "गरम." तोंडाने येतं. हात मात्र लाल नळाकडेच जातो.

२७ डिसेंबर

आज लाल नळाला फडकं बांधलं. आधी निळ्याने बादली अर्धी करायची, मगच फडकं सोडायचं. जमलं! मग कोपर बुडवून बघायचं. हात राबून राबून टणक होतात, कोपराला खरं कळतं. तिने बुडवलं, विचार केला आणि म्हणाली, "बाळाचं हाय."

म्हणजे बाळाला घालण्याइतकं कोमट. हे मी शिकवलेलं नव्हतं.

२ जानेवारी २००४

फडकं काढलं. चुकली नाही. दुसऱ्यांदाही नाही.

पार्वतीबाई म्हणतात, "ही गेल्यावर नकुशीला कोण न्हाऊ घालनार, इचारा हिला. रोज डोकं चोळून देती तिचं." धुरपदा नुसती हसली.

मला काय होतंय ते इथेच लिहिते. तिला शिकवताना मी फार सुखात असते. कुणीतरी घरी जाणार आणि ते माझ्या हातून, ह्याचं सुख. इथून सहसा कुणी घरी जात नाही.

५ जानेवारी

साहेबरावाचा ऑफिसात फोन. बारा तारखेला जीप घेऊन येतो म्हणाला. जाईबाईने तिच्यासाठी साडी घेतलीय. सर म्हणाले, दहाला माझ्यासमोर शेवटचं एकदा बघू, मग सही करतो.

धुरपदाला सांगितलं. "साडी कसली?" म्हणाली. मला माहीत नव्हतं.

९ जानेवारी

आज तिने विचारलं, "बाई, चुकलं की काय हुतं?"

मी म्हटलं, "तू नाही चुकणार."

"पर चुकलं तर?"

"तर मग राहशील इथेच, अजून शिकू. घाबरू नकोस गं."

डोक्यावरून हात फिरवला. परीक्षेची भीती सगळ्यांनाच असते.

१० जानेवारी

भाजली.

लिहवत नाही. तरी लिहिते.

सर दाराशी, मी आत. बादली लावली तिने. सरांनी काहीतरी विचारलं म्हणून मी मागे वळले, दोन शब्द बोलले असेन. नळाचा आवाज कानावर होता. मग किंकाळी. उजवा हात मनगटापर्यंत लालबुंद. पार्वतीबाई टूथपेस्ट घेऊन धावल्या, मी ढकलून दिलं त्यांना. निळ्या नळाखाली हात धरून बसले, तिला मांडीशी घेऊन. बादली कोरडी होती. सर लगेच दवाखान्यात घेऊन गेले. फोड आलेत, पण हात वाचेल.

"जुनी सवय हो," पार्वतीबाई रडत म्हणाल्या. "आधी गरम. मायनं लावल्याली सवय ती, कुटं जानार?"

सरही तेच म्हणाले. आणि सुरुवातीला गार येतं, त्याला फसली असणार.

११ जानेवारी

सरांनी सही केली नाही. साहेबरावाला कळवलं. तो म्हणाला, भेटून जातो तरी. जाईबाई आत्ताच नको म्हणते. तिचं काय चुकलं?

दिवसभर एकच डोक्यात. कोवळ्या वयात आईच्या हातून जे अंगात मुरलं, ते मी महिन्याभरात उलटं करायला निघाले होते. आणि घाई कसली, तर संक्रांतीची! कोणाची संक्रांत? मला एक बाई घरी पाठवल्याचं समाधान हवं होतं.

तिच्या उशाशी बसून वेणी घातली. शांत होती. माझ्यापेक्षा शांत.

१२ जानेवारी

साहेबराव आला, बहिणीच्या हातावरची पट्टी बघून डोळे पुसत जीपमध्ये बसला. जीप फाटकाबाहेर गेली तशी धुरपदा माझ्या कानाशी आली.

"बाई, झाले ना मी नापास?"

मी विचारलं, "गार येत होतं तेव्हा हात का नाही काढलास?"

"गरम येईस्तवर धरला."