मधला ओटा

७ डिसेंबर, रविवार
जुन्या बाजारातून सागवानी दारं आणली. कुठल्यातरी पाडलेल्या घराची. त्यांचाच स्वयंपाकघरात मधला ओटा करायचा. वर परात-पोळपाट ऐसपैस मावेल एवढी जागा, खाली खण. सुनंदा या घरात आल्यापासून वीतभर ओट्यावर पोळ्या लाटते आहे. सुतारकाम गावच्या शाळेत शिकलो होतो, हात अजून विसरलेला नाही.
एका दारावर कुंकवाची बोटं उमटलेली. रंधा मारताना तेवढी जागा सोडली. ती बाजू आत घेईन.

१० डिसें.
गच्चीत काम. खालच्या मजल्यावरचे जोगळेकर आले. "जहाज बांधताय का? मुठेला पाणी नाही हो सध्या." पण फळी धरायला तासभर थांबले.

१४ डिसें., रवि.
मी पाच फूट लांबी धरली होती. सु. म्हणते चार पुरे.
"अगं, पाच बसतात. मोजलंय मी."
"चारच करा."
कापलं. चांगलं लाकूड वाया गेलं. असो, वापरायचा तिला आहे.

२१ डिसें., रवि.
पौष लागला. सु. आपणहून म्हणाली, "माघ लागेपर्यंत ओटा घरात आणू नका. पौषात नवीन काही नको." एरवी असलं मी म्हणायचं आणि तिने हसायचं. फार बरं वाटलं. संध्याकाळी दिवा लावताना तिच्या वतीने एक नमस्कार जास्त घातला.

२८ डिसें., रवि.
सु. चहा घेऊन गच्चीत. मागोमाग केतकी, तिला सुट्टी.
"खण उजवीकडे उघडू देत," सु. म्हणाली.
"उजवीकडे फ्रिज आहे. उघडणार कसे?"
"बघू ते. आणि खाली चाकं लावा."
"हा ओटा आहे की हातगाडी?"
केतकी म्हणाली, "बाबा, आई म्हणतेय तसं करा ना." सु.ने तिच्याकडे पाहिलं, कप उचलले आणि मायलेकी खाली गेल्या.
खण काढून पुन्हा उजवीकडे बसवले. चाकं बघायला जायचं आहे.

१४ जानेवारी, संक्रांत
जोगळेकरांकडे तिळगूळ द्यायला गेलो.
"काय मग, वारज्याच्या लिफ्टमध्ये मावणार का तुमचं जहाज?"
"वारज्याच्या? कुठल्या?"
त्यांनी अख्खा लाडू तोंडात टाकला. आतून काकूंचा आवाज, "अहो, बोलू नका म्हणून सांगितलं होतं ना!"
म्हणजे काकूंनाही ठाऊक.

१५ जाने.
सकाळी विचारलं. सु. पोळ्या करत होती, करतच राहिली. केतकीने वारज्याला फ्लॅट घेतलाय. दिवाळीतच. मायलेकींच्या नावावर. माघात सु. तिकडे राहायला जाणार.
"आणि मी?"
"तुम्हीही यायचं की. पण तुम्ही म्हणणार, कर्वेनगर सोडून मी कुठे जाणार नाही."
"विचारायचं तरी."
"विचारून विचारून थकले. या वेळी ठरवलं, आधी जायचं, मग विचारायचं."
आवाज कोणीच चढवला नाही. भाजीत मीठ नव्हतं. मागितलं नाही.

१६ जाने.
कॉलेजच्या ऑफिसात बसून होतो, काम काही झालं नाही. एक गोष्ट घोळतेय. सु. एकदाही खोटं बोललेली नाही. चार म्हणाली, तिला चारच हवं होतं. खोटं बोलली असती तर निदान...
पौष मात्र. तो माझा होता. माझ्याच देवधर्माच्या आड उभी राहिली. आज जप पुरा झाला नाही. बोटं मणी ओढत होती, एवढंच.

१८ जाने., रवि.
अमावास्या असूनही वारज्याला गेलो. केतकी बरोबर येते म्हणाली. नको म्हटलं, किल्ली घेतली. टेप घेतला.
स्वयंपाकघर मोठं आहे. पूर्वेला खिडकी. मधली जागा मोजली. चार फुटी ओटा ठेवला तर चारी बाजूंनी माणूस फिरतो, पाचचा असता तर मागे अडकला असता. डावीकडे गॅलरीचं दार, म्हणून खण उजवीकडे. सगळं बरोबर. कारागीर म्हणून बोट ठेवायला जागा नाही. इतके दिवस घाम गाळला तो या घरासाठी, आणि हे घर मी आज पाहतोय.
ईशान्य कोपऱ्यात संगमरवरी फळी, रिकामी. तीही मोजली. आपल्या देव्हाऱ्याएवढी, बोटभर जास्त.
हेही मला न विचारता.

२० जाने.
केतकीने विचारलं, "देव कधी न्यायचे?"
सु. म्हणाली, "देवांना मी हात लावणार नाही. यांनी आणले तर येतील."
वडिलांनी गाव सोडताना माझ्या हातात दिलेले देव आहेत ते. मी ताम्हन घासत होतो. घासतच राहिलो.
ओट्याला जवसाच्या तेलाचा पहिला हात. चाकं आणली आहेत, पिशवीत आहेत.

२२ जाने., गणेश जयंती
मोदक. आरती तिघांनी म्हटली. नंतर केतकी जवळ येऊन बसली.
"बाबा, रागावलात?"
"छे."
देवासमोर बसून लपवलं. मलाही जमलं.

२४ जाने., शनि.
तेलाचा तिसरा हात. सागवानाच्या रेषा उघडल्या. खण पूर्ण ओढला की मागे कुंकवाची बोटं दिसतात. हे दार निघालं तेव्हा त्या घरात सगळ्यांना विचारलं असेल का?
टेम्पो परवा सकाळी. चाकं लावून टाकली. एवढं जड धूड जिन्यापर्यंत ओढत न्यायचं तर पायांचे टवके उडाले असते.
सु. वर आली. ओट्यावरून हात फिरवला, बोटांना तेल लागलं, पदराला पुसलं.
"छान झालाय."
मी बोळा धुवायला घेतला. ती गेली नाही. कठड्याशी उभी राहून बराच वेळ खालचा रस्ता पाहत होती.
"अहो, तुमचे कपडे भरू का?"
म्हटलं, "आधी तेल वाळू दे."